कल्याणच्या आनंदीबाई डॉक्टर झाल्या, पण कोल्हापूरचा वॉर्ड त्यांची वाटच बघत राहिला

दर महिला दिनाला एक जुना कृष्णधवल फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. तीन तरुण बायका, तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा पेहराव. एक जपानची, एक सीरियाची आणि साडी नेसलेली एक आपली. फोटोखाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की या तीन देशांच्या तीन पहिल्या महिला डॉक्टर.

फोटो खरा आहे. तो १० ऑक्टोबर १८८५ ला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात काढला गेला. पण त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती, तिघीही विद्यार्थिनी होत्या. साडीतल्या आनंदीबाई जोशींना पदवी मिळाली पाच महिन्यांनी, म्हणजे मार्च १८८६ मध्ये. जपानच्या केई ओकामी १८८९ मध्ये पास झाल्या आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली १८९० मध्ये.

हा फरक बारीक वाटेल, पण आनंदीबाईंची गोष्ट नीट समजून घ्यायची तर तो महत्त्वाचा आहे. आपण त्यांना पहिली महिला डॉक्टर म्हणून ओळखतो आणि तिथेच थांबतो. डॉक्टर घडवायला काय काय लागतं, त्यातलं आनंदीबाईंना काय मिळालं आणि शेवटी कुठे अडलं, हे सहसा कुणी सांगत नाही.

कल्याणची यमू

शेलार, भिवंडी, कोन करत दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण लागतं. याच कल्याणात ३१ मार्च १८६५ ला गणपतराव जोशींच्या घरी मुलगी झाली. नाव ठेवलं यमुना. घराणं एकेकाळचं जमीनदार, पण यमूच्या लहानपणी ते वैभव ओसरलेलं होतं.

मुलगी नऊ वर्षांची झाली आणि लग्नाची घाई सुरू झाली. त्या काळात हे नेहमीचंच होतं. स्थळ आलं ते मात्र नेहमीचं नव्हतं. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला होते, बिजवर होते आणि यमूपेक्षा वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठे होते. त्यांची अट एकच होती, लग्नानंतर बायकोला शिकवणार आणि त्यात कुणी आडवं यायचं नाही. १८७४ मध्ये लग्न झालं आणि यमूची आनंदी झाली.

गोपाळरावांनी शब्द पाळला, पण तो ज्या पद्धतीने पाळला ती आज वाचताना अंगावर काटा येतो. अभ्यासात हयगय दिसली की ते संतापायचे, मारायचे. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी या मारहाणीची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. कोवळ्या वयात ते सगळं सोसण्याशिवाय आपल्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, हेही त्यांनी लिहिलं. त्याच गोपाळरावांनी बायकोला अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशा बदलीच्या प्रत्येक गावी शिकवत ठेवलं आणि लोकांच्या शिव्याही खाल्ल्या. त्यांच्या स्वभावाच्या या दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

दहा दिवसांचं बाळ

आनंदीबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. त्याला वाचवू शकेल अशी वैद्यकीय मदत मिळाली नाही.

त्या काळी बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली आणि सुईण. सुईणीकडे अनुभव असायचा, पण हात जंतुविरहित करायचे असतात ही कल्पना नव्हती. खुद्द युरोपातही ती नवीच होती. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये दाखवून दिलं होतं की डॉक्टरांनी हात नीट धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी होतात. तरी तिथल्या डॉक्टरांनी ते पुढची कित्येक वर्षं मानलं नाही.

आपल्याकडे याच्या जोडीला आणखी एक अडचण होती. शहरात इंग्रजी वैद्यक शिकलेले डॉक्टर होते, पण ते सगळे पुरुष. परक्या पुरुषाला नाडी दाखवणंही अनेक बायकांना अशक्य वाटायचं, मग पोट तपासणं तर दूरच. दुखणं अंगावर काढायचं किंवा घरातल्या पुरुषाने डॉक्टरला जाऊन लक्षणं सांगायची, असा प्रकार चालायचा. बायका बायकांनाच दाखवतील, पण शिकलेली बाई डॉक्टर नाही, हा तो पेच होता. आनंदीबाईंनी वैद्यक निवडलं ते या पेचामुळे.

मग भारतातच का शिकल्या नाहीत?

आपल्याकडे मेडिकल कॉलेजं होती. कलकत्ता आणि मद्रासला १८३५ पासून वैद्यकीय शिक्षण सुरू झालं होतं. मुंबईत भायखळ्याला जे. जे. रुग्णालयाला जोडून ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं होतं. भाऊ दाजी लाड याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले होते.

पण ही दारं पुरुषांसाठी होती. अपवाद मद्रासचा. तिथे १८७५ मध्ये मेरी शार्लीब आणि आणखी तीन जणींना प्रवेश मिळाला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज बायकांसाठी उघडलं ते १८८३ मध्ये, म्हणजे नेमकं आनंदीबाईंनी देश सोडला त्याच वर्षी.

त्यासाठीही बाहेरून दबाव आणि पैसा लागला. मुंबईतले अमेरिकन व्यापारी जॉर्ज किटरेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी बायकांच्या वैद्यकीय सोयीसाठी निधी उभा केला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी मोठी देणगी दिली आणि त्यातून बायकांसाठी कामा रुग्णालय उभं राहिलं. इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची यांना बोलावून घेतलं गेलं. १८६९ मध्ये एडिनबरा विद्यापीठात वैद्यकाला प्रवेश मिळवण्यासाठी लढलेल्या सात जणींपैकी त्या एक. शिकायला मिळालं, पण विद्यापीठाने पदवी नाकारली, असा त्यांचा अनुभव होता.

म्हणजे बायकांना डॉक्टर होऊ न देण्याची तक्रार फक्त हिंदुस्थानची नव्हती, लंडन आणि एडिनबराही त्यात मागे नव्हते.

एका पत्राने काय केलं

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे खटपट सुरू केली. कोल्हापुरात पूर्वी राहून गेलेले रॉयल वाइल्डर अमेरिकेत मिशनरी कामाचं एक मासिक चालवायचे. त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्या मासिकात छापून आला. मदतीच्या बदल्यात धर्म बदलावा अशी अपेक्षा समोरून होती. जोशी दांपत्याने ती मानली नाही आणि गोष्ट तिथेच थांबली.

पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं हे मासिक त्यांनी चाळलं, ते पत्र वाचलं आणि आनंदीबाईंना लिहिलं. पुढे दोघींची पत्रं सुरू झाली. सण, स्वयंपाक, देव, बालविवाह, तब्येत, सगळ्यावर. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. तेव्हाही आनंदीबाईंचं डोकं दुखायचं, ताप यायचा, धाप लागायची. कार्पेंटर मावशी तिकडून औषधं पाठवायच्या. अमेरिकेत जायच्या आधीपासून त्यांची तब्येत नाजूक होती, हे लक्षात ठेवायला हवं.

गोपाळरावांची बदली कलकत्त्याकडे झाली आणि दोघं श्रीरामपूरला राहू लागले. बायको एकटी परदेशी जाणार ही बातमी फुटल्यावर गहजब झाला. ब्राह्मणाची बाई, समुद्र ओलांडणार, तेही नवऱ्याशिवाय.

श्रीरामपूरचं भाषण

२४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई लोकांपुढे उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत बोलल्या. वय होतं सतरा.

लोक मागून जे प्रश्न विचारत होते ते त्यांनी स्वतःच एकेक करून घेतले. अमेरिकेला का जाते, इथे शिकता येत नाही का, एकटी का जाते, परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर काय, तिकडे काही बरंवाईट झालं तर काय, आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते मीच का करावं.

त्यांचं मुख्य म्हणणं वैद्यकीय शिक्षणाबद्दल होतं. या देशाला बायका डॉक्टर हव्यात आणि त्या याच देशातल्या हव्यात. मद्रास सोडलं तर बायकांना पूर्ण वैद्यक शिकवणारं कॉलेज नाही. बाकी ठिकाणी आहेत ते सुईणीचे वर्ग आणि तिथलं शिक्षण अपुरं आहे. धर्म बदलून शिकण्याची सोय त्यांना नको होती. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी सभेत सांगून टाकलं.

भाषण वर्तमानपत्रांत गाजलं. मदत येऊ लागली, व्हाइसरॉयनेही पैसे दिले. घरचे दागिने विकले. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाईंनी कलकत्त्याहून बोट पकडली. सोबतीला मिशनरी बायका होत्या, गोपाळराव नव्हते. जवळपास दोन महिन्यांनी, ४ जूनला, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटर मावशी न्यायला आल्या होत्या.

कॉलेज कसलं होतं?

फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया १८५० मध्ये सुरू झालं. फक्त बायकांना डॉक्टरकीची पदवी देण्यासाठी उभ्या राहिलेल्या जगातल्या अगदी पहिल्या कॉलेजांपैकी ते एक. त्याच्या एकच वर्ष आधी एलिझाबेथ ब्लॅकवेल या अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या होत्या.

त्या काळात अमेरिकेत डॉक्टर होणं सोपं होतं, ही गोष्ट आज पटणार नाही. बऱ्याच कॉलेजांत दोन हिवाळे व्याख्यानं ऐकायची, दुसऱ्या वर्षी तीच पुन्हा ऐकायची, आणि पदवी घ्यायची. पेशंटला हात न लावता डॉक्टर झालेले लोक होते. फिलाडेल्फियाच्या या कॉलेजने तीन वर्षांचा, पायरीपायरीने वर जाणारा अभ्यासक्रम ठेवला होता. शरीररचना, शरीरक्रिया, रसायनशास्त्र, औषधं, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र, शवविच्छेदन आणि शेवटी एक प्रबंध.

पुस्तकं शिकवणं सोपं होतं, अडचण होती पेशंट दाखवण्याची. १८६९ मध्ये या कॉलेजच्या मुली शहरातल्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये शिकायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या. मोठी रुग्णालयं बायकांना दार उघडत नव्हती, म्हणून या कॉलेजशी संबंधित बायकांनी १८६१ मध्येच स्वतःचं रुग्णालय उभं केलं होतं. वैद्यकाचं शिक्षण रुग्णाच्या खाटेशेजारी होतं. ती खाट मिळवण्यासाठी त्यांना दवाखानाच बांधावा लागला.

आनंदीबाई आल्या तेव्हा डीन होत्या रेचल बॉडली, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. पदवी घेतलेल्या मुली पुढे करतात काय, प्रॅक्टिस करतात की घरी बसतात, याची माहिती त्यांनी सगळ्या माजी विद्यार्थिनींना प्रश्नावली पाठवून गोळा केली होती. बायकांना डॉक्टर करणं म्हणजे पैसा वाया घालवणं, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी आकड्यांनी उत्तर दिलं होतं. अशा डीनने आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली.

तीन हिवाळे

ऑक्टोबर १८८३ मध्ये वर्ग सुरू झाले. अभ्यासाचं ओझं होतंच, त्यावर थंडी. नऊवारी साडीत पोटऱ्या उघड्या राहायच्या, म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. मांसाहार करायचा नाही हे ठरलेलं होतं, त्यामुळे स्वतःच्या हाताने रांधून खायचं. पहिल्या खोलीतली शेकोटी धुरकटायची, म्हणजे गारठा सोसा नाहीतर धूर गिळा. आजारपणं मागे लागली ती सुटलीच नाहीत.

दुखणं क्षयाचं होतं. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये मार्च १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं होतं, आनंदीबाईंच्या प्रवासाच्या जेमतेम वर्षभर आधी. म्हणजे रोग कशाने होतो हे कळलं होतं, पण औषध नव्हतं. त्यावर उपयोगी पडणारं स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी साठ वर्षं लागणार होती. जवळ पैसा असलेल्या रोग्यालाही डॉक्टर फक्त चांगली हवा, चांगलं अन्न आणि विश्रांती एवढंच सांगू शकत होते. परक्या देशात शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या विद्यार्थिनीला या तिन्हींची चणचण होती.

तरी अभ्यास सुटला नाही. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला हिंदूंचं प्राचीन प्रसूतिशास्त्र. सुश्रुतासारख्या ग्रंथांत गरोदर बाईची काळजी, आहार, प्रसूती आणि बाळाबद्दल काय सांगितलंय हे त्यांनी अमेरिकन प्राध्यापकांपुढे मांडलं. कुठलाही सोपा विषय घेता आला असता. त्यांनी तो घेतला ज्याने त्यांचं स्वतःचं बाळ हिरावलं होतं आणि तो आपल्या देशाच्या ग्रंथांतून लिहिला.

गोपाळराव १८८५ मध्ये अमेरिकेत पोचले. तिथे ते जागोजाग भाषणं देत अमेरिकन समाजावर टीका करत फिरले. बायकोला ज्या लोकांनी घर दिलं, शिक्षण दिलं, त्यांच्यात त्यामुळे अवघडलेपण आलं.

११ मार्च १८८६ ला पदवीदान झालं. इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. राणी व्हिक्टोरियाकडे ही बातमी पोचवली गेली आणि तिकडून अभिनंदनाचा निरोप आला. कल्याणची यमू आता डॉ. आनंदीबाई जोशी, एम. डी. झाली होती. वय पूर्ण एकवीसही नव्हतं.

पहिल्या की नाही?

इथे एक वाद नेहमी रंगतो, तो सोडवून टाकू. त्याच १८८६ मध्ये कलकत्त्याला कादंबिनी गांगुली यांनी तिथल्या मेडिकल कॉलेजमधून वैद्यकाची पात्रता मिळवली. आनंदीबाईंनी परदेशातून पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतली, कादंबिनींनी देशातच शिक्षण घेतलं. भारतात राहून वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केली ती कादंबिनींनी. दोघींपैकी एकीला मोठं करायला दुसरीला लहान करायची गरज नाही. एकीने देशाबाहेरचा रस्ता खुला केला, दुसरीने देशातला.

कोल्हापूरचं बोलावणं

पदवी हातात आली, पण पुढे काय? हा प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येक बाई डॉक्टरपुढे होता. फोटोतल्या केई ओकामींचं उदाहरण बघा. जपानला परतून त्या टोकियोच्या रुग्णालयात लागल्या. सम्राट भेटीला आले तेव्हा बाई डॉक्टरने पुढे यायचं नाही, असं ठरलं म्हणून त्यांनी नोकरी सोडली, असं सांगितलं जातं. डॉक्टर मानणारी जागा मिळाली नाही तर पदवी भिंतीवर टांगण्यापुरती उरते.

या बाबतीत आनंदीबाई नशीबवान ठरल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या बायकांच्या वॉर्डची प्रमुख म्हणून नेमलं. ज्या कोल्हापुरात गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी पहिली पत्रं लिहिली, तिथेच आता तिच्यासाठी खुर्ची तयार होती. आपल्यासारख्या आणखी मुली तयार व्हाव्यात, त्यांच्यासाठी इथेच वैद्यकाचं शिक्षण सुरू व्हावं, हे आनंदीबाईंच्या मनात होतंच.

ऑक्टोबर १८८६ मध्ये दोघं न्यूयॉर्कहून निघाले आणि नोव्हेंबरात मुंबईला उतरले. स्वागत जोरात झालं. चार वर्षांपूर्वी नावं ठेवणारेही आता कौतुक करत होते. जातीबाहेर टाकण्याची भाषा मागे पडली होती.

पण आनंदीबाई उभ्या राहण्याच्या स्थितीत नव्हत्या. खोकला, ताप, अशक्तपणा वाढतच गेला. पुण्यात आयुर्वेदिक उपचार झाले. ज्यांनी अमेरिकेत आधुनिक वैद्यक शिकलं त्यांच्यावर घरचे वैद्य उपचार करत होते आणि त्या क्षणी खरं सांगायचं तर दोन्ही वैद्यकांकडे या रोगाला उत्तर नव्हतं.

२६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीसावा वाढदिवस महिन्याभरावर आला होता. कोल्हापूरच्या वॉर्डचा ताबा त्यांना घेताच आला नाही.

त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेत पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती ठेवली आहे. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची नोंद तिथल्या दगडावर आहे.

मग उरलं काय?

आनंदीबाईंनी डॉक्टर म्हणून स्वतंत्रपणे प्रॅक्टिस केली नाही. या एका गोष्टीवरून त्यांचं आयुष्य फुकट गेलं असं म्हणणारे तेव्हाही होते. पण वैद्यकीय शिक्षणाच्या बाजूने बघितलं तर चित्र वेगळं दिसतं.

डॉक्टर तयार व्हायला पाच गोष्टी लागतात. प्रवेश देणारं कॉलेज, शिकवायला तयार असलेले शिक्षक, शिकायला रुग्ण, शिकेपर्यंत टिकणारी तब्येत आणि पैसा, आणि शेवटी काम करायला जागा. आनंदीबाईंना पहिल्या तीन गोष्टींसाठी अर्धं जग ओलांडावं लागलं. पाचवी गोष्ट त्यांनी मिळवली. चौथी हातातून निसटली.

त्यांच्या मागून येणाऱ्यांना निदान पहिल्या गोष्टीसाठी समुद्र ओलांडायची सक्ती राहिली नाही. १८८५ मध्ये व्हाइसरॉय डफरिन यांच्या पत्नीच्या नावाने बायकांच्या वैद्यकीय सेवेसाठी आणि शिक्षणासाठी देशव्यापी निधी सुरू झाला होता. १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. बालपणी लागलेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या मुंबईच्या रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत आणि राजकोटला त्यांनी अनेक वर्षं बायकांवर उपचार केले. त्यांना इंग्लंडला जायला मदत करणाऱ्यांत कामा रुग्णालयाच्या एडिथ पीची होत्या. कोल्हापुरात पुढे कृष्णाबाई केळवकर डॉक्टर म्हणून उभ्या राहिल्या. आनंदीबाईंची जागा कायमची रिकामी राहिली नाही.

लोक आनंदीबाईंना विसरले नाहीत. १८८८ मध्ये अमेरिकेत कॅरोलिन डॉल यांनी त्यांचं इंग्रजी चरित्र छापलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिलं. श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीने त्यांना घराघरांत नेलं, २०१९ मध्ये त्यांच्या आयुष्यावर सिनेमा आला. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे.

सगळ्यात जिवंत आठवण मात्र जमिनीवर आहे. कोल्हापूरचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी सीपीआर, या नावाने चालतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज त्याला जोडलेलं आहे. मुली तिथे एमबीबीएस शिकतात आणि त्यासाठी कुणाला सभेत उभं राहून आपण का शिकतोय हे समजावून सांगावं लागत नाही. ॲप्रन घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून त्या वॉर्डात जातात, खाटेवरच्या बाईला मावशी म्हणतात आणि विचारतात, कुठे दुखतंय.